अकरा अंश

शस्त्रक्रिया उद्या सकाळी आठ वाजता होती आणि आजची मोजणी पाचच्या आत सर्जनकडे पोचायची होती. मैदानात हजर असलेल्या तिन्ही मोठ्यांना हे ठाऊक होते. सात वर्षांच्या ठकीला ठाऊक होते ते एवढेच, की आज मखमल घोडीवर बसायचे आहे आणि आई सकाळपासून उगाच लाड करते आहे.

थेरपिस्टने कुंपणाच्या खांबाला गवंड्याचा ओळंबा टांगला आणि समोर तिपाईवर फोन बसवला. ठकीच्या हेल्मेटच्या मागे एक पिवळा ठिपका चिकटवलेला होता, कमरेच्या पट्ट्यावर दुसरा. दोन ठिपके जोडणारी रेषा ओळंब्याच्या दोरीपासून किती कलते, ते अंशांत मोजायचे. घोड्यावर मुले फुलतात, घोड्याला सगळे कळते, असल्या वाक्यांचे थेरपिस्टला वावडे होते. उपचारकेंद्राच्या माहितीपत्रकातून ती दोन्ही तिने भांडून काढायला लावली होती. घोडा चालतो, त्याची हालचाल बसणाऱ्याच्या कमरेला मिळते आणि कमकुवत स्नायू तिला उत्तर द्यायला शिकतात. एवढे मोजता येते. जे मोजता येते त्यापलीकडे ती बोलत नसे.

आणि मोजमाप वाईट होते. महिन्याभरापूर्वी ठकी डावीकडे चार अंश कलायची. मग सात, मग नऊ. खुर्चीत ती जवळजवळ सरळ बसे, एक्स-रे काठावरचा होता. पण चालत्या घोडीवरचा हा वाढता कल सर्जनच्या नजरेत भरला होता. "तुमच्या नोंदी स्वच्छ असतात," तो थेरपिस्टला म्हणाला होता. "कल असा वाढत असेल, तर खुब्याचं हाड कापून नीट बसवावं लागेल. थांबण्यात अर्थ नाही." नोंदींचे कौतुक ऐकून तिला त्या दिवशी बरे वाटले होते.

मोतद्दारकाकांनी मखमलचा लगाम धरला. डावीकडे थेरपिस्ट, उजवीकडे आई, दोघींचा एकेक हात ठकीच्या मांडीवर. घोडी निघाली.

"काका," ठकी एकेक शब्द जुळवत म्हणाली, "तुमची... मिशी... वाकडी."

"मिशी सरळच आहे गं बयो. तूच वाकडी बसलीयेस."

आईचा चेहरा उतरला. काकांनी जीभ चावली आणि पुढे पाहिले.

फेरी संपली. अकरा अंश. वळणामुळे कल येतो का, हे पाहण्यासाठी उलट दिशेने दुसरी फेरी घेतली. तीही डावीकडेच, अकरा.

"किती?" ठकीला चाकाच्या खुर्चीत बसवताना आईने विचारले.

"अजून मोजतेय."

"मॅडम, तुम्ही मोजताना एवढा वेळ घेत नाही."

थेरपिस्टने फोनवरचे चित्रण पुन्हा मोजले. वर पाहिले तर काका दाताळे घेऊन वाळू सारखी करत होते, घाईघाईने, अंगणात पाहुणे यायचे असल्यासारखे. वाळू दिवसातून एकदा, शेवटचे मूल गेल्यावर सारखी करायची, असा इथला शिरस्ता होता. अजून दोन मुले यायची होती.

"काका, आत्ताच का?"

"धूळ उडते, बाई."

"कालही मधेच केलीत. परवाही." बोलता बोलता ती थांबली. "दाताळं खाली ठेवा."

अर्धी वाळू सपाट झाली होती. उरलेल्या अर्ध्या भागात मखमलचे ठसे होते आणि मागच्या डाव्या खुराच्या प्रत्येक ठशापुढे, काडीने ओढावी तशी, एक बारीक रेघ. पाय उचलला जात नव्हता, घासत होता; म्हणजे पाठही त्या बाजूला खचत असणार.

"कधीपासून?"

काकांनी दाताळे खाली ठेवले. मग दाताळ्याच्या दांड्याकडे बघत म्हणाले, "तीन आठवडे. चालायला लागली की मोकळी होते, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मी रोज शेकतो, चोळतो. लंगडं जनावर केंद्र ठेवत नाही, बाई. न्यायला ट्रक येतो. चौदा वर्षांत तिनं एका लेकराला पाडलं नाही."

"पाडलं नाही. वाकवलं."

"मला काय कळणार तुमचे अंश!"

ते खरे होते, आणि म्हणूनच जास्त लागले. स्वतः मखमलवर बसून बघावे, हा विचार तिने मनातच खोडला; दुखऱ्या पायावर साठ किलो लादून कळले असते ते फक्त घोडीचे, ठकीचे नव्हे. उत्तर एकाच वाटेने मिळण्यासारखे होते. तबेल्यात भुंगा नावाचा दुसरा घोडा होता, चार महिन्यांपूर्वी आलेला. तीन वाजून पन्नास मिनिटे झाली होती.

तिने आईला सगळे सांगितले, काहीही न लपवता. "नव्या घोड्यावर मोठ्या माणसानं चाळीस तास बसल्याशिवाय मूल बसवायचं नाही, असा नियम आहे. भुंग्याचे एकतीस झालेत. तो बुजतो. नाही म्हणालात तर मी नुसती शंका कळवीन. सर्जन ती मानेल की नाही, सांगता येत नाही."

आई बराच वेळ ठकीच्या बुटाची नाडी बांधत राहिली. नाडी आधीच बांधलेली होती.

"उद्या हाड कापणार आहेत," ती म्हणाली. "त्याला किती तासांचा नियम आहे?"

भुंगा उंच होता. त्याच्यावर बसवताच ठकीचे पाय ताठरले, मुठी वळल्या. काकांनी लगाम अगदी आखूड धरला. पहिले वळण नीट पार पडले. दुसऱ्या वळणाशी कुंपणापलीकडे रस्त्यावर उभ्या ट्रकवरची ताडपत्री वाऱ्याने फडाडली.

भुंगा जागीच थिजला. मान वर, कान टवकारलेले, ठकीच्या मांडीखालचे अंग आवळलेले. आईचा हात ठकीच्या पट्ट्याकडे गेला.

"ओढायचं नाही," थेरपिस्ट आवाज न चढवता म्हणाली. "मांडी दाबून धरा. फक्त दाबा."

एकीने ओढले आणि दुसरीने धरून ठेवले, तर मूल मधल्यामध्ये लोंबते; हे प्रशिक्षणात दोघींनी दहादा ऐकले होते. ऐकणे वेगळे. आईची बोटे पट्ट्यापाशी थांबली, मग मांडीवर परतली.

काका ताडपत्रीकडे पाठ करून घोड्याच्या तोंडासमोर उभे राहिले. "ताडपत्री आहे, राजा. नुसती ताडपत्री."

"ताड... पत्री," वरून ठकी म्हणाली. "राजा."

भुंग्याचा एक कान मागे, तिच्याकडे वळला. त्याने फुर्र केले आणि मान खाली सोडली.

फेरी पूर्ण झाली. उलटीही झाली. थेरपिस्टने चित्रण तीनदा मोजले, कारण तिला हवे असलेले उत्तर समोर आले होते आणि अशा उत्तरावर तिचा सर्वांत कमी विश्वास असे. एका दिशेच्या फेरीत डावीकडे तीन अंश. दुसऱ्या दिशेच्या फेरीत चार.

चार वाजून चाळीस मिनिटांनी तिने सर्जनला फोन लावला.

"माझ्या शेवटच्या तीन आठवड्यांच्या नोंदी रद्द समजा."

"म्हणजे मुलगी सुधारली?"

"नाही. म्हणजे मला माहीत नाही. ती बहुधा होती तशीच आहे. मी घोडी मोजत होते."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. आईने खुर्चीचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता.

"एक्स-रे तसाही काठावरचाच आहे," सर्जन अखेर म्हणाला. "उद्याचं रद्द करतो. सहा आठवड्यांनी नवा एक्स-रे. आणि धडधाकट घोडा, मॅडम."

आई ठकीसमोर जमिनीवर बसली. रडली नाही, ठकीच्या बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधू लागली.

थेरपिस्टने नोंदवही उघडली. तारीख, वेळ, दिशा, अंश. घोड्याचे नाव लिहायला रकानाच नव्हता. मुलांना बसवायला एकच घोडी, तिचे नाव रोज काय लिहायचे, असे म्हणून तो तिनेच ठेवला नव्हता. तिने पट्टीने नवी रेघ मारली.

"वर कळवताना माझं नाव लिहिणार ना?" काका शेजारी येऊन उभे होते.

"लिहावं लागेल. त्याच्या आधी माझं."

"आणि ट्रक?"

"येणार नाही, असं वचन मी देऊ शकत नाही. पशुवैद्याला बोलावलंय. पाय नेमका कशानं गेलाय ते आधी कळू दे. बरा होण्यासारखा असेल तर मी भांडेन. तोवर वाळूला हात लावू नका. त्याला ठसे बघू देत."

काकांनी मान हलवली. दाताळे कुंपणाला टेकवून ठेवले, तबेल्यातून गरम पाण्याची बादली आणली आणि मखमलच्या मागच्या डाव्या पायाशी उकिडवे बसून तो शेकायला लागले. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच, सगळ्यांदेखत.