खोकल्याची जागा

स्नेहल रोज संध्याकाळी गिटारचा सराव करते, हे निम्म्या गावाला माहीत होतं. न होणाऱ्या गोष्टीचा एवढा बोलबाला क्वचितच कुणाच्या वाट्याला येतो.

बोलबाला केला होता तिच्या सासूनं. सून घरात येईपर्यंत पुष्पावतीबाईंनी गिटार कधी जवळून पाहिली नव्हती. पण नात जया जरा मोठी झाली, शाळेत जाऊ लागली, तेव्हा स्नेहलनं माहेरी पडून असलेली आपली गिटार आणली आणि नगरच्या सुनील सरांचा रविवारचा क्लास मोबाईलवर लावला. बाईंनी कमरेला पदर खोचून लगेच जाहीर केलं, "दिवेलागनीला भाकरी मी थापीन, जयाला मी बघीन. तू वरच्या खोलीत जाऊन वाजव. दिसभर कारखान्याचं करती, बाकीच्या वेळात आमचं करती. मानसाला स्वताचं कायतरी असावं." शेजारची चांगुणा त्या वेळेला विरजण मागायला आली, तरी बाई तिला ओट्यावरच अडवायच्या. "हळू बोल. सराव चाललाय."

दिवाळीपर्यंत सराव खरंच चालला. मग कारखान्याचा बॉयलर पेटला.

श्रीगोंद्याच्या बाजूला ऊस आणि कारखाना यांच्यामध्ये जे कोणी बसतं, त्याला हंगामात सुख नसतं. स्नेहल तिथेच बसायची, शेतकी खात्यात, कॉम्प्युटरसमोर. कुणाचा ऊस कधी तुटणार आणि कुठली टोळी कुणाच्या फडात उतरणार, हा कार्यक्रम तिच्या कॉम्प्युटरमधून निघायचा, आणि समस्त शेतकऱ्यांची समजूत अशी होती की तो तिच्या मनातून निघतो. "मॅडम, उसाला तुरं आलं, टोळी कवा?" "मॅडम, माझ्या मागून लावलेला गेला, माझा अजून हुभा हाय." फोन ऑफिसात यायचे, वाटेत यायचे, जेवताना यायचे. संध्याकाळी उसाच्या ट्रॉल्यांमागे धूळ खात स्कूटीवरून ती घरी पोचायची, तेव्हा तिचा जीव मेटाकुटीला आलेला असायचा. नवरा आदिनाथ पुण्याला नोकरीला, आठवड्यातून एकदा येणार. जया शाळा सुटल्यावर आजीपाशी, पण रात्री तिला आईच लागायची, तीही जागी.

हंगाम सुरू झाला त्या आठवड्यात ती एकदा गिटार मांडीवर घेऊन खाटेवर बसली आणि बसल्या बसल्या झोपली. खालून बाईंनी विचारलं, "आज काय वाजलं न्हाई गं?" "तारा लावत होते," स्नेहलनं सांगितलं. पहिली थाप तिथे मारली गेली.

आता कुणी म्हणेल, दमले, झोपते, असं सरळ सांगायचं. पण ती वेळ तिन्हीसांजेची. त्या घरात तिन्हीसांजेला तापानं फणफणलेलं माणूसही आडवं व्हायचं नाही. पाठीला उशी देऊन बाई त्याला बसवून ठेवायच्या. "लक्ष्मी दारात यायची आन घरची सून आडवी?" हे वाक्य स्नेहलनं लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात ऐकलं होतं आणि कानाला खडा लावला होता. सुनेनं त्या वेळेला गिटार वाजवली तर सासूला अभिमान. सून त्या वेळेला झोपली तर घराला अवदसा. आणि दिवसभरात तिला मिळणारा रिकामा वेळ तेवढाच होता.

सुनील सरांनी दिवाळीआधी सगळ्यांना सांगितलं होतं, एक अख्खा सराव रेकॉर्ड करून पाठवा, चुका ऐकून सांगतो. ते रेकॉर्डिंग तिच्या मोबाईलमध्ये होतं. दुसऱ्या दिवशी स्नेहलनं दार लोटलं, लाडवांचा रिकामा स्टीलचा डबा घेतला, फोन येऊ नयेत म्हणून मोबाईल फ्लाइट मोडवर टाकून त्यात ठेवला आणि रेकॉर्डिंग लावलं. डब्यात गिटार छान घुमली. खाली भाकरी थापल्या जाऊ लागल्या आणि वर स्नेहल मेल्यासारखी झोपली.

पहिल्या दिवशी तिला लाज वाटली. दुसऱ्या दिवशीही वाटली. पुढे पुढे लाजही तिच्याबरोबर झोपायला लागली.

असे बरेच दिवस गेले. मग एके दिवशी ती खाली आली तर पितळी पेला तिची वाट बघत होता. आत काळपट काढा.

"घे. अडुळसा हाय, आलं हाय, गवती चहा हाय. खोकला लई दिस झाले हटंना तुझा."

"मला कुठे खोकला आहे, आई?"

"मला शिकवती व्हय? रोज ऐकते की मी. मधी वाजवायची थांबती, तीनदा खोकती आन परत वाजवती."

स्नेहलला आठवलं. रेकॉर्डिंग केलं त्या दिवशी खाली चिवड्याची फोडणी चालली होती. सी कॉर्डवरून एफवर जाताना तिची बोटं नेहमीप्रमाणे अडखळली होती, तारा खरखरल्या होत्या, आणि ती थांबली तेवढ्यात मिरचीचा ठसका जिन्यानं वर आला होता. तोच ठसका आता रोज संध्याकाळी, न चुकता, सासूच्या कानावर पडत होता.

तिनं काढा प्यायला. दुसऱ्या दिवशीही प्यायला. मोबाईलला झालेल्या खोकल्याचं औषध ती निमूट घशाखाली घालत राहिली आणि बाई तिच्या चेहऱ्याकडे आशेनं बघत राहिल्या. गुण येत नाही म्हटल्यावर काढ्यात ज्येष्ठमध आलं, रात्री हळदीचं दूध आलं, आंबट ताक बंद झालं. खोकला कसा हटेल? तो चार्जिंगवर चालत होता.

एकदा संध्याकाळी ती घरी आली तर अंगणात बाजरीची पोती, जुन्या गोधड्या, वरच्या खोलीतलं सगळं चंबूगबाळं. वर बाई स्टुलावर चढून भिंतीला चुना मारत होत्या. गुडघे धड वाकत नव्हते त्या बाईचे. खाली सासरे, आबासाहेब, दोन्ही हातांनी स्टूल धरून उभे.

"धुळीचंच हाय ते," बाई वरूनच म्हणाल्या. "खाली न्हाई खोकत तू. वर गेली की खोकती. सगळी धूळ काढली आता."

"आई, उतरा. मी करते."

"तू वाजव. तुझा वेळ मोडू नगं."

पोती आत न्यायला ती हात लावत होती, तेव्हा आबासाहेब हळूच बोलले, "करू दे तिला. तिला दम न्हाई निघायचा. तिची धाकटी बहीन बनु हितंच हुती आमच्याकडं. खोकायची. ही म्हनायची, धुळीनं हुतंय, जाईल. डाक्टरकडं न्ह्यायला उशीर झाला. पोर गेली." त्यांनी पोत्याचं तोंड आवळलं. "तवापासनं कुनी खोकलं की हिचं जेवान जात न्हाई."

स्नेहलला त्याच घडीला सांगायला हवं होतं. ओठांवर आलंही होतं. पण हाताला चुना लागलेली सासू दारात येऊन उभी राहिली, "बघ आता कसं वाटतंय," असं म्हणाली, आणि स्नेहलनं नुसती मान डोलावली. आपण किती हलके आहोत हे माणसाला कधी कधी अगदी लख्ख दिसतं. तिला त्या दिवशी दिसलं.

तिनं सुचला तो उपाय केला, म्हणजे भित्र्या माणसाला सुचतो तो. ऑफिसात डबा खाताना तिनं रेकॉर्डिंगमधला खोकला कापून टाकला. चुन्यानं गुण आला, असं बाईंना वाटेल आणि मिटेल सगळं, असा तिचा हिशेब.

त्या संध्याकाळी गिटार वाजली, अडखळली, आणि खोकला न येता पुढे गेली. स्नेहल खाली आली तेव्हा बाई परातीपाशी तशाच बसल्या होत्या. तव्यावरची भाकरी करपली होती.

"दाबून धरतीस ना?" त्या म्हणाल्या.

"काय?"

"खोकला. मला कळू नये म्हनून तोंडात पदर धरती. बनुपन अशीच दाबायची शेवटी शेवटी." त्यांनी भाकरी उलथली, करपलेल्या बाजूकडे बघितलं. "उद्या रजा टाक. नगरला जायचं. फोटो काढायचा छातीचा."

भर हंगामात रजा मागितली म्हणून साहेबांनी तोंड वाकडं केलं. स्नेहलनं तेही सोसलं, पण तोंड उघडलं नाही. दवाखान्यात बाई सकाळपासून बाकावर बसून होत्या. नंबर जवळ आला की उठायच्या, पुढे जाऊन बघून यायच्या, परत बसायच्या. पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, "फुफ्फुसं एकदम स्वच्छ आहेत, काळजी करू नका." बाईंनी त्यांच्यासमोरच हात जोडले आणि डोळ्यांना पदर लावला.

माळीवाड्याच्या स्टँडवर गाडीची वाट बघताना त्यांनी पेढे घेतले. देवापुढे ठेवायला. खूप दिवसांनी त्यांच्या तोंडावर हसू होतं, आणि त्या हसण्याकडे बघणं स्नेहलला जड जात होतं.

"छातीत काय न्हाई म्हनल्यावर त्या खोलीतच कायतरी दोष हाय," बाई म्हणाल्या. "उद्यापासनं गिटार खाली आन. तू वाजव, मी म्होरं बसते. कशानं उबळ येती ते बघतेच."

आता पळायला जागा उरली नव्हती. स्नेहलनं मोबाईल काढला. सरांना पाठवलेलं मूळ रेकॉर्डिंग त्यात तसंच होतं. "आई, हे ऐका," ती म्हणाली आणि तिनं ते लावलं.

स्टँडच्या गलक्यात गिटार बारीक वाजली. सूर पुढे सरकले, अडखळले, थांबले. आणि मग खोकला. एकदा, दोनदा, तीनदा.

बाईंनी चटकन स्नेहलच्या तोंडाकडे पाहिलं. ते मिटलेलं होतं. मग त्यांनी मोबाईलकडे पाहिलं.

"हे रोज लावायची?"

"हो."

"मंग तू वर काय करती?"

"झोपते," स्नेहल म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. "खूप दमते हो मी. तिन्हीसांजेला झोपते म्हणून कसं सांगणार होते तुम्हाला?"

पेढ्यांचा पुडा बाईंनी पिशवीत खाली सरकवला, पिशवी मांडीवर घेतली. ओरडतील, चारचौघांत पाणउतारा करतील, असं स्नेहलला वाटत होतं. तसं झालं असतं तर तिला बरंच वाटलं असतं. गाडी आली. बाई खिडकीशी बसल्या. शहर मागे पडलं, उसाच्या ट्रॉल्या लागल्या, तरी त्यांचं तोंड बाहेरच. गाव जवळ आलं तेव्हा त्या खिडकीकडे बघतच म्हणाल्या,

"झोपलीस त्याचं काय न्हाई. पन त्या खोकल्यात मी रोज बनुला ऐकत हुते."

स्नेहलनं हात पुढे केला, पण सासूच्या हाताला लावायचा धीर झाला नाही. तो तिनं समोरच्या सीटच्या दांड्यावर ठेवला आणि गाव येईपर्यंत तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती कारखान्यातून आली आणि थेट परातीपाशी जाऊन बसली. बाईंनी परात स्वतःकडे ओढली.

"वर जा."

"नको आई. भाकरी मी करते आजपासून."

"जा म्हनते ना. दार लावून झोप."

"तिन्हीसांजेला?"

"दिवा मी लावते." बाईंनी पिठात पाणी घातलं. "लक्ष्मीला ह्या घरात एक बाई जागी दिसली म्हंजी बास. चांगुणा आली तर सांगीन, सराव चाललाय म्हनून. पन ते मोबाईलमधलं तेवढं लावू नगं आता. माझ्यानं ऐकवत न्हाई."

स्नेहल वर गेली. रेकॉर्डिंग तिनं काल स्टँडवरच पुसून टाकलं होतं. खोलीत अजून चुन्याचा वास होता. एका कोपऱ्यात, बाईंचा हात जिथवर पोचला नव्हता, तिथे भिंत जुनीच राहिली होती. ती खाटेवर आडवी झाली, डोळे मिटले. इतके दिवस चोरून घेतलेली झोप पडल्या पडल्या यायची. आज ती कुणी आपण होऊन दिली होती, आणि येत नव्हती. खाली भाकरी थापल्याचा आवाज येत होता, एकसारखा.

शेवटी ती उठली आणि तिनं गिटार घेतली. महिनोन्‌महिने हात न लागल्यानं बोटांची टोकं मऊ पडली होती, तारा चावल्या. तिनं अगदी हळू सुरुवात केली, खाली ऐकू जावं की जाऊ नये हे न ठरवता. सूर जुळले नाहीत, पुन्हा जुळवले. सुनील सरांची ती साधी चाल ओळखू यायला लागली. सी आला. त्यावरून बोटं एफकडे निघाली आणि नेहमीच्याच जागी अडखळली. तारा खरखरल्या. ती थांबली.

खाली भाकरीवरचा हातही थांबला.

स्नेहल तशीच बसून राहिली, बोटं तारांवर ठेवून. खाली पिठाचा हात परातीवर धरून एक बाई खोकल्याची वाट बघत होती, हे तिला दिसल्यासारखं कळलं. तिनं आलेला हुंदकासुद्धा बाहेर पडू दिला नाही, न जाणो तो खाली कसा ऐकू जाईल.

खोकला आला नाही. मग खाली भाकरीवर हात पुन्हा पडला, आणि वर स्नेहलनं एफ पुन्हा धरला.