जवळ कोण झोपणार?

डॉक्टरांनी डोळे मिटले, मान मागं टाकली आणि भर तपासणीखोलीत घोरून दाखवलं. मग एकदम श्वास रोखला. छबुबाई खुर्चीच्या कडेवर सरकली. बुडणारा माणूस पाण्यावर यावा तसा मोठा श्वास ओढत डॉक्टरांनी डोळे उघडले.

"असं होतं का यांना झोपेत?"

छबुबाईनं हसू पदरात दाबलं, पण डॉक्टर तिच्याकडंच बघत होते. शेजारी बसलेला बद्रीनाथ खिडकीबाहेर बघू लागला. गेल्याच महिन्यात त्याला झटका येऊन गेला होता, हृदयाच्या नळीत स्टेंट टाकला होता.

"मला न्हाई ठाव," ती म्हणाली.

"बायको ना तुम्ही?"

"बाबा आखाड्यावर झोपतेत," मागं उभा असलेला मुलगा, अंगद, म्हणाला. "शेतात, मेंढरापाशी."

"झटका येऊन गेल्यावरही?"

"मेंढरं कुनी बघायची मग?"

खरं कारण कुणी बोललं नाही, कारण ते बोलायचं नसतं. घरात सून आली की सासूचं अंथरूण चुलीपाशी जातं आणि सासऱ्याचं शेतात. कुणी सांगत नाही, सांगावं लागत नाही. त्यानंतर बाई रात्री नवऱ्याकडं गेली तर नळावरच्या बाया तिला जन्मभर सोडत नाहीत. नवरा मेला की गळ्यात पडून रडायला मात्र त्याच सगळ्यात पुढं. सायली सून होऊन आली त्या दिवसापासून छबुबाईनं नवऱ्याची रात्र बघितली नव्हती.

"दिवसा पेंगतात?"

"लई," छबुबाई म्हणाली. "मेंढरं एकीकडं आन् ह्ये एकीकडं. गाव आळशी म्हनतंय."

"आळशी नाहीत. झोपेत घसा आतून मिटतो, श्वास अडतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो. हृदय घाबरून धावत सुटतं. रोज रात्री, वर्षानुवर्षं. नळ्या खराब व्हायला हेही कारण असू शकतं, आणि स्टेंट टाकला म्हणून ते थांबत नाही. पुढच्या आठवड्यात झोपेची तपासणी करू, मग बहुतेक झोपेत श्वास चालू ठेवणारं मशीन लागेल. तोवर कुणीतरी जवळ झोपायचं. कुशीवर निजवायचं, श्वास अडला की हलवायचं. कोण झोपेल?"

छबुबाईनं बोलायला तोंड उघडलं होतं.

"मी झोपतो," अंगद म्हणाला.

"छान," म्हणत डॉक्टरांनी पुढच्या पेशंटसाठी घंटी दाबली.

चौसाळ्याच्या गाडीत बाप-लेक एका बाकावर बसले, छबुबाई त्यांच्या मागं. तीही रीतच. बीड मागं पडलं नाही तोच बद्रीनाथ घोरायला लागला.

"ट्रॅक्टर चढवला का बे गाडीत?" पुढून कुणीतरी म्हणालं. लोक हसले. मोबाईल बघता बघता अंगदही हसला.

छबुबाई खिडकीची दांडी धरून ऐकत राहिली. लग्नानंतर कितीतरी वर्षं दोघं मेंढरांमागं हिंडले, उघड्या रानात एका घोंगडीत निजले. तो घोरायला लागला की ती झोपेतच कोपर मारायची आणि तो झोपेतच कूस वळायचा. सकाळी दोघांनाही काही आठवत नसायचं. ते गेलं, आणि त्यासाठी कुणापुढं रडायचीही सोय नव्हती.

घोरणं थांबलं.

"संपलं डिझेल," तोच माणूस म्हणाला.

छबुबाई उठून पुढं वाकली. बद्रीनाथच्या गळ्यात काहीतरी अडून धडपडत होतं, वारा आत जात नव्हता. भर गाडीत नवऱ्याच्या अंगाला हात? हात अर्ध्यावर थांबला. मग तिनं त्याचा खांदा धरून हलवला. तो मोठ्यानं श्वास ओढत दचकला. हसणारे मागं वळून बघू लागले.

"ऊठ रं," ती अंगदला म्हणाली. "मला बसू दे."

"कावून?"

"ऊठ म्हनलं ना. आन् आजपून आखाड्यावर मी जानार हाय. तुला उशाला ढोल वाजला तरी जाग येत न्हाई."

अंगदनं आवाज उतरवला. "आगं, लोकं हायेत ना. सायलीला काय सांगू?"

"सांग, डाक्टरनं माझंच नाव घेतलं."

डॉक्टर बोलले तेव्हा अंगद त्या खोलीतच होता. त्यानं आईकडं नीट पाहिलं, मोबाईल खिशात टाकला.

"घेतलं की," तो म्हणाला आणि उठून दांडी धरून उभा राहिला.

छबुबाई बसली. बद्रीनाथचे डोळे मिटलेलेच होते, पण तो घोरत नव्हता.

"आखाड्यावर लई गार पडतंय," डोळे न उघडता तो म्हणाला.

"पडू द्या."