काठावरची आरोळी

शास्त्रज्ञ मंडळी लागूना गावात आली की ओंदिनाचं डोकं फिरायचं. यंदा तर कहर झाला होता. लेतिसिया नावाची विद्यापीठातली पोरगी मे महिन्यापासून खाडीच्या तोंडाशी मुक्काम ठोकून होती. पाण्याखाली मायक्रोफोन, काठावर मायक्रोफोन, डोक्यावर घोंघावणारं ड्रोन. आणि एवढा खटाटोप कशासाठी, तर डॉल्फिन आणि कोळी मिळून मासे कसे धरतात ते शोधायला. अगं, विचार की. गावातलं शेंबडं पोरही सांगेल. डॉल्फिन बोय माशांची झुंड काठाकडे हाकत आणतो, कमरेएवढ्या पाण्यात रांगेने उभ्या असलेल्या माणसांसमोर डोकं आपटतो, आणि त्याच क्षणी हातातलं गोल जाळं, पाग, फेकायचं. जाळ्यात आली ती बोय माणसाची, बावरून उलटी पळाली ती डॉल्फिनची. पणज्यापासून हेच चाललंय.

रांगेचा कायदा मात्र कडक. इशारा नसताना कुणी पाग टाकला तर बोय बिथरते, डॉल्फिन निघून जातो आणि सगळ्यांची सकाळ वाया जाते. ज्याच्या हातून असं वारंवार होईल त्याने मुकाट्याने पाण्याबाहेर यायचं आणि जागा दुसऱ्याला द्यायची. ओंदिनाचा नवरा वाल्दोमीरो रांगेत तिसरा उभा राहायचा. ती जागा त्याच्या बापाची. आणि गेली तीन वर्षं त्या जागेवरून त्याला डॉल्फिन दिसत नव्हता. डोळ्यांपुढे नुसतं धुकं. डॉक्टरचं नाव काढलं की अंगावर यायचा. “मला काय धाड भरलीय?” म्हणायचा आणि कॉफीत मीठ घालायचा.

म्हणून ओंदिना रोज सकाळी काठावरच्या खडकावर जाऊन बसायची. मांडीवर फाटका पाग, हातात जाळं विणायची सुई आणि नजर पाण्यावर. तोर्ता नावाची वाकड्या पंखाची म्हातारी डॉल्फिन बहुतेक दिवस रांगेसमोर यायची. तिने डोकं आपटलं रे आपटलं की ओंदिना आरोळी ठोकायची. लोकांना शंका नको, म्हणून आरोळीला तिने भांडणाचं रूप दिलं होतं. “झोपलास का मेल्या?” “टाक की रे, मुहूर्त बघतोस?” तीन वर्षांत गावभर कजाग म्हणून नाव झालं. झालं तर झालं. बापाची जागा सुटली तर वाल्दो महिनाभरात खाट धरेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तेवढ्यासाठी ती घसा फोडून घेत होती.

जुलैतल्या ऐन थंडीतल्या एका रविवारी दुपारी लेतिसिया लॅपटॉप घेऊन घरी आली. ओंदिनाने माशाचा रस्सा वाढला, पण पाहुणीचं लक्ष ताटात कुठे होतं?

“सेउ वाल्दो, तुम्ही कमाल आहात,” ती म्हणाली; वडीलधाऱ्यांना ती ‘सेउ’, ‘दोना’ असं अदबीने लावायची. “तोर्ताने डोकं आपटल्यावर दोन सेकंदांच्या आत तुमचा पाग हवेत असतो. अख्ख्या खाडीत इतकी अचूक रांग नाही.”

“रक्तात असावं लागतं ते,” वाल्दो म्हणाला, आणि पावाऐवजी टेबल पुसायचं फडकं उचललं. ओंदिनाने ते काढून घेतलं आणि त्याच्या हातात पाव दिला.

“फक्त एक गंमत आहे.” लेतिसियाने एक बटण दाबलं. लॅपटॉपमधून ओंदिनाचाच आवाज आला, “टाक की रे मेल्या!” आणि मागोमाग पाग पाण्यावर पडल्याचा सपकारा. मग पुन्हा. मग पुन्हा. “पाग पडायच्या आधी दर वेळी हा आवाज आहे. एकदाही चुकलेला नाही.”

ओंदिनाच्या हातातला डाव थांबला. एवढ्या महागड्या यंत्रांना नेमकं हेच सापडायचं होतं.

“ती कटकट आहे, बाई,” वाल्दो हसत म्हणाला. “चाळीस वर्षं ऐकतोय. उलट तिच्या आरड्याओरड्याने मासे बुजतात.”

“मग दोना ओंदिना, उद्या एक सकाळ तुम्ही गप्प बसाल? म्हणजे खात्री होईल.”

“नाही बसणार,” ओंदिना म्हणाली.

“बघा,” वाल्दो म्हणाला. “एक सकाळ तोंड मिटायला सांगितलं तर जिवावर येतंय. बाईची जात.”

ओंदिनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “बसते गप्प. उद्या बघू तुझं रक्त काय करतं ते.”

भांडी घासता घासता राग उतरला आणि आपण काय बोलून बसलो ते तिला कळलं. पण शब्द गेला होता, आणि हट्टात ती नवऱ्याच्या वरताण होती.

सोमवारी सकाळी बोचरा वारा सुटला होता. रांगेतले पाचही जण पाण्यात उभे होते. लेतिसिया वही घेऊन ओंदिनाशेजारी बसली. तोर्ता आली. पाठ वाकवून समोर आली आणि तिने डोकं आपटलं. ओंदिनाने डोक्यावरच्या रुमालाचं टोक दातात धरलं.

वाल्दोचा हात हलला नाही. ते अपेक्षितच होतं. पण शेजारच्या अदेमारचाही हलला नाही. त्याच्या पलीकडच्यांचाही नाही. बोयींची झुंड पाण्याखालून चमकत निघून गेली. तोर्ताने पुन्हा डोकं आपटलं, या वेळी जरा जोरातच. तरी पाग खांद्यावरच.

मग चार माना एकदम काठाकडे वळल्या.

“दोना ओंदिना,” अदेमार ओरडला, “घसा बसलाय का?”

“शास्त्रासाठी गप्प आहे.”

“शास्त्र गेलं चुलीत. सकाळचं ऊन डोळ्यांत येतं, पाणी नुसतं चकाकतं. आम्हाला इथून काय कपाळ दिसतंय? आम्ही तुमच्या आरोळीवर टाकतो.”

“कधीपासून?”

“दोन वर्षं झाली असतील. गेल्या महिन्यात तुम्ही तापाने पडलात आणि वाल्दोही घरी बसला, तेव्हा आम्हाला आठवडाभर घेवड्यावर दिवस काढावे लागले.”

“आणि याचे डोळे?” ओंदिनाच्या तोंडून निघून गेलं.

“ते कुणाला ठाऊक नाही? पण याला बाहेर काढला असता तर तुम्ही काठावर कशाला आला असता?”

लेतिसियाची पेन्सिल थांबली होती. ओंदिनाला चौघांच्या टाळक्यात खडक घालावासा वाटला. तीन वर्षं शिव्या घालून, गावाची बोलणी खाऊन जे झाकलं ते सगळ्यांना माहीत होतं, आणि एकालाही तिला सांगावंसं वाटलं नाही. मग तिने वाल्दोकडे बघितलं. बाकीचे काठाकडे बघत होते. तो अजून समुद्राकडे तोंड करून उभा होता, मान खाली घालून, पाग छातीशी धरून. त्याने सगळं ऐकलं होतं.

 लांबवर पाणी फुगलं आणि पुढे सरकू लागलं.

“ओंदिना,” वाल्दो मागे न वळता म्हणाला, चौघांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. “ती आली का गं?”

चाळीस वर्षांत त्याने तिला पहिल्यांदाच काही विचारलं होतं. ओंदिनाने दातातला रुमाल सोडला.

“येतेय,” ती म्हणाली. “थांब. मी सांगते.”