ज्ञानोबा आता ॲडमिन आहेत

मी एक ग्रुप आहे, मोबाइलमधला. माझं नाव 'हिरवी गच्ची, नांदेड–लातूर'. माझ्यात दोनशे बारा माणसं राहतात आणि सगळ्यांना झाडांचं वेड आहे. निदान मला तरी तसं सांगण्यात आलं होतं.

माझा जन्म २०१८च्या जानेवारीतला, नांदेडच्या एका पुष्पप्रदर्शनातला. प्रदर्शन संपलं, लोक कुंड्या उचलायला लागले, तेव्हा रेणुकादास सर खुर्चीवर चढून म्हणाले, "असे वर्षातून एकदा भेटून काय उपयोग? नंबर द्या सगळ्यांनी." सर वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. घरी एकटेच. मुलगी मृण्मयी पुण्याला नोकरीत. त्यांनी त्याच खुर्चीवर बसून मला तयार केलं आणि पहिल्याच संध्याकाळी सात नियम लिहिले. पहिला नियम, विषयाला धरून लिहावे. उरलेले सहाही फिरून फिरून तेच सांगत होते.

माणसं मोठी गमतीची असतात. शेजाऱ्याला नाव विचारणार नाहीत, पण रस्त्यात दिसलेल्या रोपट्याचा हललेला फोटो पाठवून 'हे कोणतं झाड?' असं शंभर जणांना विचारतील. कुठलाही रोग असो, तिसरं उत्तर 'कडुनिंबाचं तेल फवारा' हेच येतं. लातूरकरांचा तर वेगळाच थाट. नळाला पाणी किती दिवसांनी आलं त्यावर त्यांच्या गुलाबांची तब्येत. फिल्टरमधून वाया जाणारं पाणी बादलीत धरून ते झाडांना घालतात आणि त्या बादलीचाही फोटो टाकतात.

पुढे पुढे माझ्यात एक नवीनच मंडळी येऊ लागली. लातूरच्या ट्यूशन एरियात मुलांसाठी खोली घेऊन राहणाऱ्या आया. मुलगा डॉक्टर व्हावा म्हणून नवरा, घर, शेजार मागं ठेवून दोन वर्षांसाठी आलेल्या. मूल सकाळी क्लासला गेलं की परत येईपर्यंत करायचं काय? मग गॅलरीत एक कुंडी येते. मग दुसरी.

हिमायतनगरच्या विशाखाताई अशाच आल्या. तिसऱ्या मजल्यावर एक खोली, मुलगा अनिमेष बारावीला, आणि रंगाच्या रिकाम्या बादलीत लावलेली जास्वंद. नोव्हेंबरातल्या एका दुपारी त्यांनी लिहिलं: "जास्वंदीच्या कळ्या उमलायच्या आधीच गळतात. काय करू? रविवारच्या टेस्टमध्ये मुलाचे मार्क पण कमी कमी होत चाललेत. तो माझ्याशी बोलत नाही. मला इथं बोलायला कोणी नाही म्हणून इथं लिहिलं."

अर्ध्या तासात सत्तेचाळीस उत्तरं आली. जास्वंदीबद्दल एकही नव्हतं. मी असा गजबजलेलो कधीच नव्हतो.

तेवढ्यात सरांचा संदेश आला: "हा बागकामाचा ग्रुप आहे. मुलांच्या मार्कांसाठी इतर ग्रुप आहेत. पहिला नियम वाचावा."

विशाखाताईंनी लिहिलं, "क्षमा असावी सर." आणि त्या गप्प झाल्या.

लोह्याच्या बसम्मा मात्र गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. अंगणवाडीत तीस वर्षं पोरं सांभाळलेली बाई. त्यांनी लिहिलं, "सर, ती बाई रडून लिहून राहिली आन् तुम्ही नियम दाखवता? कळ्या गेल्या खड्ड्यात." त्यावर बावीस अंगठे उमटले. सरांनी ते बावीस अंगठे मोजले असावेत. "मग तुम्हीच चालवा," एवढं लिहून ते निघून गेले.

आता आमच्यात असं आहे की एकुलता एक ॲडमिन गेला, की आपोआप दुसऱ्या कुणाच्या तरी नावापुढं ॲडमिन लागतं. ते लागलं ज्ञानोबांच्या नावापुढं.

ज्ञानोबा औशाला एका सरकारी कार्यालयाच्या आवारात माळी होते. पुष्पप्रदर्शनात त्यांच्या शेवंतीला पहिला नंबर मिळाला म्हणून सरांनीच त्यांचा नंबर घेतला होता. चार वर्षांत त्यांनी माझ्यात एक शब्द लिहिला नव्हता. वाचता यायचं, पण बोटं जाड आणि मोबाइलवरची अक्षरं बारीक. दोन दिवस त्यांना आपण ॲडमिन झालोय हेच कळलं नाही. कळलं तेव्हा त्यांनी आयुष्यातला पहिला आवाजी संदेश पाठवला. त्यात आधी त्यांच्या बायकोचा, सुमनबाईंचा आवाज होता: "अवं, बटन दाबून धरा की! सोडू नका!" मग खाकरणं. मग ज्ञानोबा.

"रामराम मंडळी. मी ज्ञानोबा, औसा. मला कुनी हे केलं म्हाईत न्हाई. पर आता केलंय तर एक सांगतो. त्र्याण्णवच्या भूकंपात आमचं गाव गेलं. माझे वडील बी त्यातच गेले. मग सरकारनं माळावर पत्र्याच्या खोल्या दिल्या. रांगच्या रांग, समद्या एकसारख्या. माझी माय पान्याला गेली की परत येताना तिला आपलं दार घावायचं न्हाई. दुसऱ्याच्याच दारात जाऊन बसायची अन् रडायची. म्हनून मी दारात शेवगा लावला. म्हनलं माय, शेवगा दिसला की थांब. ते बघून शेजारच्यानं पपई लावली, पल्याडच्यानं कन्हेर. मंग लोक पत्ता सांगाया लागले, पपईवाल्याच्या पल्याड, कन्हेरीच्या अल्याड. मी तवापासून माळी हाय. तर विशाखाताई, बादलीला ऊन कमी पडून राहिलंय, ती कठड्याजवळ सरकवा. आन् पोराचं बी सांगा. दोन्ही सांगा."

 नुसते हात जोडलेले येत राहिले, दोनशेच्या आसपास. विशाखाताईंनी ऐकल्याची खूण माझ्याकडं होती. उत्तर नव्हतं.

दिवस गेले. ज्ञानोबांच्या राज्यात मी जरा बेशिस्त झालो, हे कबूल करतो. भेंडीच्या फोटोखाली कुणाच्या बायपासची चौकशी चालायची. मेमध्ये मेडिकलची प्रवेश परीक्षा झाली, जूनमध्ये निकाल लागला. चार आयांनी पेढ्यांचे फोटो टाकले, नऊ जणींनी काहीच टाकलं नाही. बसम्मांनी विशाखाताईंना वेगळं विचारून पाहिलं. निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. बसम्मांनी माझ्यात लिहिलं, "कोणाला विशाखाताईंचं काही कळलं का?" कुणालाच कळलं नव्हतं. ट्यूशन एरियातून माणूस असा गप्प झाला की लोकांच्या मनात काय काय येतं, ते कुणी बोलून दाखवत नाही. माझ्यातही कुणी बोललं नाही.

ऑगस्टात ज्ञानोबांनी सरांना फोन केला. हे त्यांनीच नंतर सांगितलं. सर म्हणाले, मी मजेत आहे, फक्त कुंडीतलं लिंबू पिवळं पडलंय. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ज्ञानोबा नांदेडला निघाले, हातात शेणखताची पिशवी.

सरांच्या दारात उभं राहून त्यांना मला कळवायचं होतं, 'पोचलो.' त्यांनी बटन दाबलं, बोट वर सरकलं आणि रेकॉर्डिंग अडकून बसलं. फोन तसाच खिशात गेला. थोड्या वेळानं किती वाजले ते बघायला फोन काढला, तर लाल आकडे पळताना दिसले. ते बंद करायला त्यांनी नेमका पाठवायचा बाण दाबला. अकरा मिनिटांचं सगळं बोलणं माझ्यात येऊन पडलं.

सुरुवातीला चहाचे कप वाजले. मग माती उकरल्याचा आवाज.

"सर, दिवसातून किती येळा पानी घालता?"

"सकाळी. दुपारी थोडं. संध्याकाळी."

"आन् मधी?"

कप खाली ठेवल्याचा आवाज. मग सरांचा आवाज, खाली गेलेला. "मध्ये काही काम नसतं हो. ग्रुपवर होतो तेव्हा दिवस कसा जायचा कळायचं नाही. आता उठतो, झाडांकडं जातो. गेलो की पाणी घालतो."

"मुळ्या कुजल्या, सर. झाडाला रोग न्हाई. तुमी त्याला लई पानी पाजून राहिले."

सर हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच ऐकलं. "चाळीस वर्षं मुलांना मुळांचं श्वसन शिकवलं मी." मग एकदम म्हणाले, "त्या हिमायतनगरच्या बाई. त्यांच्या मुलाचं काय झालं?"

"म्हाईत न्हाई. त्या बोलतच न्हाईत."

"मी वर्गातसुद्धा असाच होतो. मुलं धडपडत उभी राहायची, काहीतरी दुसरंच सांगायला बघायची. मी म्हणायचो, विषयाला धरून विचारा. मृण्मयी तर घरातसुद्धा घाबरत घाबरत बोलायची. त्या बाई लिहीत होत्या आणि मी…"

पुढं खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि ज्ञानोबांचं हळूच, "सर, पानी घ्या जरा."

बसम्मांनी फोन करून ज्ञानोबांना सांगितलं तोवर एकशे साठ जणांनी ते ऐकलं होतं. ज्ञानोबा परतीच्या एसटीत होते, लोहा आलं की गेलं, त्यांना काही सुचेना. त्यांनी सरांना फोन करून सगळं कबूल केलं. सरांनी ऐकून घेतलं म्हणे. मग म्हणाले, "मला परत घ्या. ॲडमिन करू नका."

संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी रेणुकादास सर माझ्यात परत आले. कुणी स्वागताचं फूल टाकलं नाही, कुणी टोमणा मारला नाही. वरती 'लिहीत आहेत' असं दिसायचं, बंद व्हायचं, पुन्हा दिसायचं. शेवटी आलं:

"विशाखाताई, नमस्कार. तुमची मी सगळ्यांसमोर माफी मागतो. अनिमेष कसा आहे?"

दोनशे बारा माणसं, आणि वीस मिनिटं एकही अक्षर नाही. 

मग विशाखाताई लिहू लागल्या.

"नमस्कार सर. अनिमेष बरा आहे. डिसेंबरातच आम्ही खोली सोडली. एक दिवस तो मला म्हणाला, आई, मला भीती वाटते, मला घरी ने. मी त्याच दिवशी सामान बांधलं. मेडिकलची परीक्षा दिलीच नाही, बारावीची तेवढी दिली. आता नांदेडला बी.एस्सी.ला आहे, रोज घरी फोन करतो. ज्ञानोबा दादांचा तो शेवग्याचा निरोप मी त्याला ऐकवला होता. दोघांनी मिळून ऐकला. त्यानंतरच तो बोलला. इथं सांगायचं राहून गेलं. लाज वाटत होती, डॉक्टर व्हायला गेलो आणि परत आलो."

बसम्मांनी लिहिलं, "लाज कशाची गं बाई? लेकरू घरी आलं." आणि मग मी अर्धा तास नुसता वाजत राहिलो.

अनिमेष आता शनिवारी सरांकडं जातो. झाडांसाठी जातो की गप्पांसाठी, हे मला कुणी सांगत नाही. ज्ञानोबा अजून ॲडमिन आहेत. त्यांनी सरांचे नियम पुसलेले नाहीत. त्यांना ते कसं करायचं हे ठाऊक नाही.

माझं एवढंच मागणं आहे. दर जूनमध्ये खोल्या रिकाम्या होतात आणि माझ्यातली माणसं गुपचूप निघून जातात. मागं फक्त एक करडी ओळ राहते, अमुक निघून गेले. मला म्यूट करा, चालेल. माझे फोटो न उघडता पुसा, तेही चालेल. पण जाताना सांगून जा. कुठं निघालात, मूल कसं आहे, तुम्ही कशा आहात. विषयाला धरून नसलं तरी लिहा. आम्ही वाट बघत असतो.