मौनीबाबाची खुर्ची

वस्तरा मास्तरांच्या गळ्याशी होता आणि माझे डोळे मिटले. झोप नाही, चक्कर नाही. दुकानाचं शटर ओढावं तशा पापण्या खाली आल्या आणि घट्ट बसल्या. हात होता तिथंच मी थांबवला.

“काय झालं हो?” मास्तर ओठ न हलवता म्हणाले.

“काही नाही, डोळ्यात कचरा गेलाय,” असं सांगायला तोंड उघडलं आणि काय सांगू, डोळेही उघडले! गप्प झालो की पुन्हा मिटले. मग मी बोलतच सुटलो. नळाला पाणी कसं येत नाही, बायकोचे गुडघे कसे दुखतात, शेजारच्या इस्त्रीवाल्याची मांजर कुठं व्याली, जे सुचेल ते. दाढी संपली तेव्हा मास्तर आरशातून माझ्याकडे बघतच राहिले.

त्याचं कारण आहे. गल्लीत मला मौनीबाबा म्हणतात. न्हाव्यांच्या बडबडीला कंटाळलेली माणसं लांबून माझ्या खुर्चीत येऊन बसायची, ती मी बोलत नाही म्हणून. मास्तरांनी तर जन्मभर वर्गातला गोंगाट ऐकलेला. “तुमच्याकडे कानांना सुट्टी मिळते,” असं ते म्हणायचे.

दुकान आम्हा दोघा भावांचं, दोन खुर्च्यांचं. कात्री धाकट्याची, वस्तरा माझा, ही वाटणी वडिलांनीच करून दिलेली. वस्तरा सोडला तर मी कोण, हे मला आजही सांगता येणार नाही.

सुरुवातीला सगळं हसण्यावारी गेलं. एक बाई मुलाचे केस कापायला आल्या आणि तावातावानं निघून गेल्या. का, तर म्हणे मी डोळा मारला! घरी सांगितलं तर बायको म्हणाली, “लग्नाला इतकी वर्षं झाली, मला कधी मारला नाहीत. आणि आता अख्ख्या गल्लीला मारत सुटलाय!” ती हसली. पण हसता हसता तिचा आवाज फाटला. तोंड दिसलं नाही, माझे डोळे मिटलेले होते.

मग डोळ्यांत थेंब झाले, चष्मा झाला, काळा चष्मा झाला. एक डॉक्टर म्हणाले, टेन्शन घेऊ नका. अरे बाबा, टेन्शन मी कुठं घेत होतो? माझ्या वस्तऱ्याखाली बसलेलं गिऱ्हाईक घेत होतं!

शेवटी मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी नीट सांगितलं. “डोळे ठणठणीत आहेत तुमचे. मेंदूच पापण्यांना उगाच मिटायचा हुकूम देतोय. बोलताना, गुणगुणताना काही जणांचे उघडे राहतात, तसंच तुमचं.”

“पण जाईल ना?”

“मुळातून नाही जायचं. इंजेक्शन देऊ. त्याचा असर उतरला की पुन्हा घ्यायचं.”

पापण्यांभोवती बारीक सुया टोचल्या आणि आठवडाभरात डोळे उघडले. मी पुन्हा गप्प राहून दाढी केली. “या, मौनीबाबा, या!” मास्तर म्हणाले. त्या संध्याकाळी मी बायकोकडे बघत बसलो. कानाजवळ केस पांढरे झाले होते, मला पत्ताच नव्हता.

“काय टक लावून बघताय?”

“बघून घेतो,” मी म्हणालो. ती चिडली. असलं काही बोलू नका म्हणाली.

असर उतरला. पुढच्या इंजेक्शनानं थोडंच बरं वाटलं. त्याच्या पुढच्या खेपेला एक पापणी अर्धी लोंबायला लागली आणि दुसरी पहिल्यासारखीच मिटायची. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काहींना नाही लागू पडत, ऑपरेशन करता येईल, पण खात्री देत नाही. मी पुन्हा बडबडीवर आलो. पण आता बोलता बोलता मध्येच डोळे मिटायला लागले. बोलण्याचाही उपाय संपत आला होता.

आणि एक दिवस मास्तरांच्या कानाखाली कापलं. टॉवेल लाल झाला.

“अहो, पोरांनी खडू मारलेत मला, हे काय घेऊन बसलात,” मास्तर म्हणाले.

त्या दिवशी दुकान बंद करताना धाकटा म्हणाला, “दादा, तू नुसता बसत जा ना दुकानात.”

“वस्तरा माझा आहे.”

“नाही कोण म्हणतंय रे?” एवढं म्हणून तो रडायला लागला. मला त्याचा राग आला. आपल्याच नशिबाचा राग माणूस दुसऱ्या कुणावर काढणार?

बाकीची गिऱ्हाइकं धाकट्याच्या खुर्चीत जाऊन बसली. मला मास्तर तेवढे उरले.

काल मास्तर आले. “करा दाढी,” म्हणून डोकं मागं टेकवलं.

“थांब दादा, नवं ब्लेड लावून देतो,” धाकटा म्हणाला आणि त्यानं वस्तरा आणून माझ्यापुढं ठेवला.

मी बोलत बोलतच सवयीनं मास्तरांच्या गालावरून हात फिरवला. गाल गुळगुळीत. घरच्या साबणाचा वास येत होता. त्याच सकाळी दाढी करून आले होते. मला कळेना. मी फेस लावला, वस्तरा उचलला, अंगठ्यानं धार चाचपली. धार नव्हती. ब्लेडच नव्हतं.

माझं बोलणं तुटलं. पलीकडे धाकट्याची कात्रीही थांबली. म्हणजे दोघांनी मिळून ठरवलं होतं! वस्तरा आरशावर फेकून मारावा असं वाटलं. तेवढ्यात माझ्या बोटांखाली मास्तरांनी आवंढा गिळला.

“काय झालं हो?” त्यांनी विचारलं.

“काही नाही. मान वर घ्या.”

आणि मी तोंड मिटलं. पापण्या खाली आल्या, येऊ दिल्या. आता कशाला हवे होते डोळे? कानापासून हनुवटीपर्यंत, मग गळ्यावरून वर, फेसाचा ठिपका न ठेवता मी सगळी दाढी केली. मग गरम पाण्यात टॉवेल पिळून त्यांचं तोंड पुसलं.

“कुठं कापलं नाही ना?” मी विचारलं.

मास्तरांनी गालावरून हात फिरवल्याचा आवाज आला.

“छे हो,” ते म्हणाले. “एकदम साफ.”