कडबाकुट्टीचे चार स्क्रू

अडलेलं काहीही तेलानं सुटतं, हा शिवलीलाच्या अव्वाचा, म्हणजे आई पार्वतम्मांचा, जन्मभराचा अनुभव. दाराची कडी, रहाटाचा आस, लहानपणी गुंता झालेली शिवलीलाची वेणी, सगळं करडईच्या तेलानंच सुटलं होतं. म्हणून त्या रोज सकाळी गोठ्यात जाऊन कडबाकुट्टीच्या चार स्क्रूंवर तेल घालत होत्या. स्क्रू तेल पीत होते आणि जागेवर बसून होते.

शिवलीलाचे आप्पा, शांतलिंग, जाऊन दीड महिना झाला होता. कुट्टीची पाती बोथट झाली होती. कडबा तुटण्याऐवजी चेंगरून लांबच्या लांब बाहेर पडत होता आणि गाभण गाय तो तोंडानं बाजूला सारत होती. पाती काढायची तर आधी त्यांच्यावरचं झाकण काढायला हवं. ते झाकण आप्पांनी स्वतः केलेलं, शिवलीलाच्या वसतिगृहातल्या ट्रंकेचा पत्रा कापून. हिरव्या रंगावर तिच्या नावाची पांढरी अक्षरं अजून दिसत होती, ‘शिवली’ एवढीच. उरलेलं अक्षर कापण्यात गेलं होतं.

बेंबळीतल्या धनाजी वेल्डरनं सकाळीच निकाल देऊन टाकला. "ताई, स्क्रूच्या नादी लागू नका. संध्याकाळी ग्राइंडर आणतो आन् झाकण उभं कापतो. नवा पत्रा मारून देतो, एकदम चकाचक."

"संध्याकाळपर्यंत मी बघते."

"बघा की. गाय थोडीच बघत बसणार हाय?"

शिवलीलानं आदल्या दिवशी बाजारातल्या स्वस्त पाकिटातला स्क्रूड्रायव्हरचा बिट लावून पाहिला होता. त्याचं टोक खडूसारखं झिजलं आणि एका स्क्रूच्या खाचेचा अर्धा काठ घेऊन गेलं. तिथंच ती थांबली. अजून एक चूक झाली असती, तर धनाजीला कापण्यावाचून मार्ग उरला नसता. आप्पांच्या हातचं गोठ्यात आता तेवढंच होतं. हे तिनं कुणाला बोलून दाखवलं नाही.

आप्पांच्या डब्यातून तसलाच एक सुटा स्क्रू खिशात टाकून ती धाराशिवला गेली. हार्डवेअरचे शंभुलिंग काका तिच्यापुढं एकेक चकचकीत पाकीट टाकत होते. ती प्रत्येक बिट स्क्रूच्या फुलीत बसवायची, आडवा धरायची आणि स्क्रू खाली पडला की बिट परत ठेवायची.

"पोरी, बिट घ्यायला आलीस का लग्नाचा शालू?"

"शालू एवढा बघून घेत नाही मी, काका."

शेवटी एका काळपट बिटावर स्क्रू आडवा धरला तरी पडला नाही. बिटाची मान मुद्दाम बारीक केलेली होती. जोर पडला की ती थोडा पीळ खाते आणि टोक वाचतं. तिनं असे दोन मागितले. काकांनी चष्मा वर केला.

"बेंबळीच्या शांतलिंग आप्पांची तू?"

"हो."

"तरीच. ते बी असाच खिशात स्क्रू घेऊन यायचे. माझी आर्धी बरणी उपसून एक बिट न्यायचे." मग त्यांनी बिट कागदात गुंडाळले, पुन्हा उलगडले आणि नीट गुंडाळले. "लई चांगला माणूस."

गोठ्यात परतल्यावर बिट नेमका बसला, तरी स्क्रू फिरेना. शिवलीलानं जोर थांबवला आणि आप्पांचं फडताळ पाहिलं. तिथं बोटाएवढी लाल बाटली होती. हातात येईल ते वाचायची सवय तिला लहानपणापासून, मग बाटलीवरचा बारीक मजकूर कसा सुटेल? स्क्रूचे आटे पक्के चिकटवायचं ते द्रव होतं. यंत्राच्या हादऱ्यानं स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचं. खोलायचं असेल, तर स्क्रू भरपूर तापवायचा.

"अव्वा, याला तेल नको, आच हवी. पण आप्पांनी एवढं पक्कं कशाला केलं?"

 अव्वा तोंडाला पदर लावून हसली.

"माझ्यासाठी. कडबा अडकला की मी झाकण काढून हात घालायची. कोण सारखं मशीन बंद करतंय? हे ओरडायचे, मी न्हाय ऐकायची. मग शेजारच्या कडूबाईची कुट्टीत बोटं गेली. दुसऱ्या दिवशी बघते तर झाकण निघंना. लई शिव्या घातल्या म्या ह्यांना."

"मग दरवर्षी पाती कशी बदलायचे?"

"मी श्रावणात रामलिंगला दर्शनाला जायची तवा. परत आले की चूल गरम असायची. मला वाटायचं, चहा केला आसंल." ती अडखळली. "पहारीचं टोक बी काळं दिसायचं."

अव्वानं उठून पहारीचं टोक चुलीत खुपसलं.

मशीनची वायर काढली, कडबा लांब सारला, पाण्याची बादली जवळ ठेवली. अव्वानं चुलीतून लालभडक पहार आणली आणि शिवलीलानं तिचं टोक स्क्रूच्या माथ्यावर टेकवलं. इतक्या दिवसांचं तेल चरचरलं.

"भजी तळल्यागत वास सुटलाय," अव्वा म्हणाली.

बिट खाचेत ठोकून बसवला, अंगाचा भार दिला. टक् आवाज झाला आणि स्क्रू फिरला. दुसरा निघाला, तिसराही. अर्धी खाच गेलेला तिनं मागं ठेवला होता. त्याला दोनदा तापवलं. नवा बिट हातोडीनं खोल बसवला. ती घाई न करता दाबून फिरवत राहिली. बिटाच्या मानेनं किंचित पीळ खाल्ला. मग टक्.

झाकण हातात आलं. आतल्या बाजूची प्रत्येक कड आप्पांनी दुमडून ठोकली होती, कुणाला कापू नये म्हणून. शिवलीला तिच्यावरून बोट फिरवत राहिली.

धनाजी ग्राइंडर खांद्याला अडकवून आला. "आता मी काय कापू?"

"कांदा काप," अव्वा म्हणाली. "भज्याचा वास तर झालाच हाय."

त्यानं हसत पाती घासून धारदार करून दिली. शिवलीलानं ती बसवली, वर झाकण ठेवलं आणि डब्यातले नवे स्क्रू नुसतेच लावायला घेतले.

"ते लाल न्हाय लावलंस."

"राहू दे अव्वा. मी परत लातूरला गेल्यावर तुला उघडायचं झालं तर?"

"म्हणून तर लाव. मला माझा भरवसा न्हाय." अव्वानं स्वतःचे दोन्ही तळहात उलटसुलट करून पाहिले. "हे धड हायत ते त्या थेंबानं. त्यांना कधी बोलले न्हाय मी."

"आणि पाती?"

"श्रावणात ये. मी रामलिंगला जाते. तू चूल पेटव."

शिवलीलानं पहिल्या स्क्रूच्या आट्यांवर लाल बाटली उलटी धरली. थेंब सावकाश आला.