नसलेला आंबा

मी तापट आहे, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. पण नंदाखाल गावच्या वॉल्टर अंकलसमोर माझी बोलती बंद होते. त्यांच्या ओटीवर त्यांनीच रंगवलेलं बावखलाचं चित्र लावलंय. बावखल म्हणजे त्यांच्या वाडीतलं तळं, केळींना पाणी देणारं. चित्रात पाण्यावर एक आंबा वाकलाय आणि त्याची सावली अशी गार, की बघता बघता घाम वाळावा. त्या चित्रापायी मी दर रविवारी विरारहून रंगपेटी घेऊन तिथे जाते.

यंदा वाटणीत बावखल त्यांच्या भावाकडे गेलं. भाऊ ते बुजवून बंगले बांधणार. तेव्हापासून अंकलनी ब्रशला हात लावला नाही. या रविवारी दहाला मातीचा डंपर येणार होता, आणि त्याआधी बावखलाचं एक तरी धड चित्र मला हवं होतं. आधीची तीन फसली होती.

सकाळी सातला बावखलाकाठी जाऊन बसले. तासाभरात चित्र झालं, आणि काय सांगू, झकास झालं. अंकल चहा घेऊन आले. बराच वेळ बघत राहिले.

"जमलंय ना?" मी विचारलं.

"जमलंय. पण हा आंबा कुठे दिसला तुला?"

मी मान वर केली. काठावर आंबा नव्हता.

"चार वर्षं झाली तो वादळात पडून," अंकल म्हणाले. "तू इथे बसून माझंच चित्र काढतेस, स्वप्ना. माझं कौतुक नंतर कर. आधी समोर बघ."

राग आला, तो माझाच मला. चार रविवार मी डोळे उघडे ठेवून नसलेलं झाड रंगवत होते. कागद टराटरा फाडला आणि नवा लावला. चहा तसाच गार झाला. या वेळी जे होतं तेच काढलं: जलपर्णी, तुटकी पायरी आणि काठावर वाटणी झाल्यापासून पडलेला लाल मुरमाचा ढीग. ढीग गाळावासा वाटला, पण गाळला नाही.

दहाला फाटकापाशी हॉर्न वाजला. अंकल चित्रावर वाकले.

"हे तुझं आहे," ते म्हणाले. "हा ढीग मला बघवत नव्हता, म्हणून मी काढणंच सोडलं."

ते आत गेले. आले ते स्वतःची रंगपेटी घेऊन. "सरक जरा," म्हणाले आणि माझ्या शेजारी बसून कागद भिजवायला लागले.

मी उठून फाटकाकडे गेले.

"दादा, गाडी बंद करा," मी ड्रायव्हरला म्हटलं.

"किती वेळ, मॅडम?"

"अंकलचं चित्र होईपर्यंत."

तो कुरकुरला, मालकाला फोन लावतो म्हणाला. खुशाल लाव म्हटलं, आणि डंपरच्या पुढ्यात स्टूल टाकून बसले.